बोरिंगचं पाणी आणि सातवीचा वर्ग

सीताराम नन्नावरे हे नाव या अंकाच्या वाचकांपैकी कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. वडशाला मी बी.एस्सी. केलं, त्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणं, दिवे पेटवून देणं हे त्यांचं काम. स्वतः दहावी नापास. माझ्या नावापुढची पदवी ही आमच्या घरातली पहिली पदवी, आणि ती मिळाली ती सीतारामभाऊंमुळं. माझ्या वडिलांना धानाच्या बांधीपलीकडचं काही सांगता येत नव्हतं. कॉलेजात पुढं काय करायचं, कुणाला काय विचारायचं, हे मला भाऊंनी सांगितलं.

मी वर्गात बोलत नसे. तोंड उघडलं की ‘मले’ आणि ‘तुले’ बाहेर येई आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसे. म्हणून मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. भाऊ डबा उघडायचे, झाकणात अर्धा भात काढून माझ्यापुढं सरकवायचे आणि काही विचारायचे नाहीत. एकदा मी शेजारच्या मुलाच्या वहीतलं निरीक्षण बघून माझ्या वहीत उतरवत होतो. भाऊ मागं येऊन उभे राहिले.

“तुह्या नळीत रंग कुठी बदलला?”

“बदलला असन भाऊ. त्याचा बदलला ना.”

“त्याची नळी त्याची, तुही तुही. नळी फुटली तं फुटू दे, मी भरून देतो. पण न पायता लिवू नको.”

इतकंच. पण त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी मला तोच प्रयोग चार वेळा करायला लावला. मास्तर झाल्यावर पहिल्या दिवाळीला मी त्यांना पत्र लिहिलं आणि पुढं दरवर्षी लिहीत राहिलो.

माझी नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत झाली, जिल्हा परिषदेच्या शाळांत, सहावी ते आठवीला विज्ञान. बाहेरच्या माणसाला वाटतं की या वयाच्या मुलांना विज्ञान शिकवणं म्हणजे पुस्तक वाचून दाखवणं. पुस्तकात सगळं असतं हे खरं. खडक तीन प्रकारचे, ऊर्जा नष्ट होत नाही, कोळसा जमिनीखाली गाडलेल्या जंगलांपासून होतो. फक्त ती वाक्यं मुलांच्या डोक्यात जात नाहीत, कारण मुलांच्या डोक्यात आधीच दुसरं काहीतरी असतं. ते काय आहे हे शोधणं, हाच माझा धंदा. मतदार याद्या, खिचडीचा तांदूळ आणि सतरा प्रकारची माहिती वर पाठवणं यातून जो वेळ उरे, त्यात मी तो करत असे.

औष्णिक वीज शिकवायला माझ्याकडं एक जुना प्रेशर कुकर होता. त्याची शिटी काढून तिथं नळी बसवायची, खाली स्टोव्ह, नळीपुढं पत्र्याची भिंगरी. वाफ आली की भिंगरी गरगर फिरे आणि वर्ग ओरडे. “हीच तुमची वीज,” मी म्हणायचो. “कोळसा जाळला, पाणी तापलं, वाफेनं चाक फिरवलं. बाकी सगळं याच्यापेक्षा फक्त मोठं.” चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राला आमच्याकडं सगळे नुसतं ‘थर्मल’ म्हणतात. एकदा विनय नावाच्या मुलानं हात वर केला.

“गुरुजी, आमच्या वावरावरून थर्मलच्या तारा जाते. अन् आमच्या घरी आठ दिवस झाले लाईन नाई. काऊन?”

मी त्याला सांगितलं की त्या तारांतून वीज फार मोठ्या दाबानं जाते. धरणाच्या दरवाज्याखाली लोटा धरला तर लोटाही जाईल आणि हातही. आधी दाब उतरवावा लागतो, त्यासाठी उपकेंद्र लागतं, रोहित्र लागतं. विनयनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मंग थे काऊन नाई लावत?”

एकदा मुलांना घेऊन थर्मलजवळच्या ऊर्जानगरावरून एस.टी.नं गेलो. शीतकरणाच्या मोठमोठ्या मनोऱ्यांतून पांढरे लोट निघत होते. एक लहानगी खिडकीतून बघत म्हणाली, “गुरुजी, ढग इथी बनवतेत का?” मी हो म्हणालो, आणि मग पुढचे दोन दिवस बाष्पीभवन शिकवण्यात गेले. असे दिवस मला सुखाचे वाटतात. ते आठवले की वाटतं, आपण बरे मास्तर होतो.

पण मला आज लिहायचं आहे ते वेगळ्या दिवसांबद्दल.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात मी अकरा वर्षं होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. बायको आणि मुलं चंद्रपूरला, मुलांच्या शिक्षणासाठी. मी शाळेजवळ एका खोलीत. शनिवारी दुपारी निघायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. आठवड्यातले पाच दिवस शाळा सुटली की माझ्याशी बोलणारं कुणी नसे. गावातले लोक मान देत, पण मान दिलेल्या माणसाशेजारी कुणी बसत नाही. मी एकट्यानं भात टाकायचो, एकट्यानं वह्या तपासायचो. म्हणूनच असेल, वर्गात मुलं हसली की मला फार बरं वाटायचं. त्यांना हसवायची मला सवय लागली होती.

रोज सकाळी परिपाठ असे. प्रार्थना, सुविचार, बातम्या, आणि मग नखं आणि दात तपासणं. हिवाळ्यातली सकाळ होती. आदल्याच दिवशी कुकरचा प्रयोग झाला होता, मुलं अजून त्याच धुंदीत होती. सातवीच्या रांगेत मी एका मुलीपुढं थांबलो. हुशार मुलगी, भिंगरी बसवायला सगळ्यांत पुढं हीच होती. तिच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. ते आधीही असणार. मला त्या दिवशी दिसले.

“काय वो बाई,” मी मुद्दाम त्यांच्याच बोलीत म्हणालो, “कोळसा खाऊन आली का? हे तं थर्मलच हाये तोंडात!”

सगळी शाळा हसली. मीही हसलो. तिला उद्यापासून दात घासून यायला सांगितलं आणि पुढच्या मुलापुढं गेलो.

मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव ‘थर्मल’ पडलं होतं. “ए थर्मल, धूर सोड ना!” ही आरोळी मी माझ्या कानानं ऐकली आणि “चूप बसा रे” म्हणून सोडून दिली. मुलांची नावं पडतात आणि जातात, असा माझा अनुभव होता. हे गेलं नाही. ती वर्गात उत्तरं देईनाशी झाली. कविता म्हणताना ओठ मिटून उभी राहायची. मग शाळेत यायचीच बंद झाली.

आठवड्यानंतर मी तिच्या घरी गेलो. हजेरी कमी झाली की घरी जावंच लागतं. त्यापेक्षा मोठ्या मनानं गेलो असं म्हणवत नाही. आई अंगणात धान पाखडत होती. तिनं बाज टाकली.

“येत नाई म्हंते जी. दिवसभर दात घासून राह्यली.” तिनं आत हाक मारली. मुलगी दारात आली आणि उभी राहिली. आईनं तिच्या हनुवटीला धरून ओठ वर केला. हिरड्या सोललेल्या होत्या. “कोळसा झाला, विटेचा चुरा झाला, राखड झाली. रगत आलं तरी सोडत नाई. तुमी म्हणलं म्हणून.”

तेवढ्यात तिची थोरली बहीण पाण्याचा पेला घेऊन आली आणि ‘घ्या जी’ म्हणून हसली. तिचे दात स्वच्छ पांढरे होते.

मी विचारलं, “ही कशानं घासते?”

“कशानं घासन? एकाच झाडाचं दातवण हाये. थोरलीचे बरे हायेत, हिच्याच दाताले काय झालं कोण जाणे.” आई सुपातलं धान हलवत म्हणाली, “थोरली लहान होती तवा बोरिंग नोती. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी पेत होतो. हिच्या वक्ताले बोरिंग झाली. थकवा तं गेला बापा पाणी आणायचा.”

मी पेला हातात धरून बसलो. पाणी स्वच्छ होतं. थंड होतं. बोरिंग म्हणजे आमच्याकडं हातपंप; ती शाळेच्या फाटकाशीच होती आणि मीही तेच पाणी पीत होतो.

‘पाणी खडकांतून झिरपताना खडकांतील क्षार त्यात विरघळतात.’ हे वाक्य मी नऊ वर्षं शिकवलं होतं. प्रश्नपत्रिकेत गाळलेल्या जागा भरायला दिलं होतं. फ्लोराइड नावाचा क्षार काही खडकांत असतो, खोल बोरिंगच्या पाण्यातून तो पोटात जातो, आणि लहानपणी दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हाच त्यांच्यात बसतो, हेही मी कॉलेजात वाचलं होतं. त्याचा डाग बाहेरून लागलेला नसतो, म्हणून बाहेरून घासून जात नाही. मोठ्या माणसानं नंतर तेच पाणी प्यालं तरी त्याचे दात तसे होत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. फक्त मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या सगळ्या मुलांचे दात पाहिले, या वेळी न हसता. वहीत तीन रकाने केले: कुठल्या मोहल्ल्यातला, लहानपणी पाणी कुठलं, दात कसे. शाळेजवळच्या मोहल्ल्यातली बहुतेक सगळी मुलं पट्ट्यांची निघाली, कुणाचे फिकट, कुणाचे गडद. नाल्याकाठची मुलं पांढऱ्या दातांची. जी मुलं तिला थर्मल म्हणत होती, त्यांतल्या निम्म्यांच्या तोंडात तेच होतं. माझा विनोद तिच्यापुढं थांबला म्हणून नाव तिचं पडलं.

संध्याकाळी परत तिच्या घरी गेलो आणि तिला सांगितलं: ही घाण नाही, तुझी चूक नाही, पाण्यानं झालं आहे. घासणं बंद कर. आणि हेही सांगितलं की हे जाणार नाही. ते सांगणं मला सगळ्यांत जड गेलं. ती रडली नाही. म्हणाली,

“मंग थे तुमी परिपाठात सांगान का? समद्याइच्या म्होरं?”

“सांगीन.”

“उद्या?”

“पाण्याची बाटली तपासायला पाठवली आहे. रिपोर्ट आला की लगेच.”

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. प्रार्थना झाली, सुविचार झाला, बातम्या झाल्या. ती रांगेत उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. मी “वर्गात जा” म्हणालो. तिसऱ्या दिवशी तेच. मी स्वतःला कारणं देत होतो. रिपोर्टाशिवाय बोललो तर गावात घबराट होईल. बोरिंग सरपंचांनी खटपट करून आणलेली, ते चिडतील. नुसत्या तीन रकान्यांवर कोण विश्वास ठेवील? ही कारणं खोटी नव्हती. पण ‘मी हिला चुकीचं बोललो’ एवढं सांगायला कुठल्या रिपोर्टाची गरज नव्हती, हे मलाही समजत होतं. शाळेत हसून बघणारी तेवढी चाळीस-पन्नास तोंडंच माझ्या वाट्याला होती. त्यांच्यापुढं लहान व्हायला मी तयार नव्हतो.

ती आठ दिवस आली. आठही दिवस रांगेत उभी राहून तिनं वाट पाहिली.

आमच्या भागातली माणसं हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जातात. टेंपोच्या टेंपो भरून जातात आणि होळीच्या मागंपुढं परततात. तिचे आईवडील दरवर्षी जात, पण ती शाळेसाठी आजीजवळ राहत असे. नवव्या दिवशी तिच्याच वर्गातल्या विनयनं हजेरीच्या वेळी सांगितलं, “गुरुजी, थे गेली. काल टेंपोत बसून गेली, मिरची तोडाले.”

रिपोर्ट दोन महिन्यांनी आला. फ्लोराइड प्रमाणापेक्षा जास्त. बोरिंगच्या तोंडाला लाल रंग लागला, म्हणजे हे पाणी पिऊ नये. त्या दिवशी परिपाठात मी सगळं सांगितलं. मी काय बोललो होतो, ते चूक कसं होतं, आणि त्या मुलीची मी माफी मागतो, असं. मागून एक बारका आवाज आला, “पण गुरुजी, थे तं इथी नाई ना.”

होळीला आईवडील परतले, ती परतली नाही. तिकडंच मावशीकडं राहिली. मी दोनदा आईला भेटलो. “नाई म्हंते जी,” असं दोन्ही वेळा आई म्हणाली.

गाव मात्र मला बोललं. नाल्याकाठची विहीर शाळेपासून चांगली लांब. बाया हंडे घेऊन शाळेवरून जाताना मोठ्यानं म्हणायच्या, “गुरुजीनं रंग लावला, आता गुरुजीच पाणी भरून देईन!” एक म्हातारा मला म्हणाला, “उकळून पेऊ ना आमी, त्यात काय?” मी त्याला समजावलं की उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत, पाणी आटतं आणि क्षार उलट दाट होतात. तो म्हणाला, “तुमच्याजवळ सगळ्याचं उत्तर हाये, अन् पाणी कुठी हाये?” मीही त्याच विहिरीवरून दोन बादल्या आणू लागलो. विहिरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं.

तालुक्याच्या सभेत मात्र माझं कौतुक झालं. जागरूक शिक्षक म्हणून शाल दिली. त्या दिवाळीच्या पत्रात मी भाऊंना शालीचं लिहिलं, पाण्याचं लिहिलं, तीन रकान्यांचं लिहिलं. मुलीचं लिहिलं नाही. भाऊंनी ते पत्र प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं आणि कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं, असं मला नंतर कळलं. ते निवृत्त होताना सोबत घरी घेऊन गेले. आता त्यांना नीट दिसत नाही, सूनबाई पत्रं वाचून दाखवतात.

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. घरात बसून राहिलो की ते आठ दिवस समोर येतात. शेवटी विनयकडून तिचा पत्ता मिळवला आणि जाऊन आलो. परतल्यावर भाऊंना पत्र टाकलं. ते जसंच्या तसं देतो.

आदरणीय सीतारामभाऊ यांस,
सादर नमस्कार.

सूनबाईंना विनंती, यातली एकही ओळ न गाळता भाऊंना वाचून दाखवावी.

भाऊ, तुम्ही कपाटाला लावलेलं माझं पत्र अर्धं होतं. त्या बोरिंगचं मला कळलं ते एका मुलीमुळं. सातवीतल्या त्या मुलीच्या दातांवरून मी सगळ्या शाळेपुढं विनोद केला. तिचं वाईट नाव पडलं. चूक कळल्यावर तिनं एकच मागितलं, की हे सगळ्यांसमोर सांगा. मी हो म्हणालो आणि आठ दिवस सांगितलं नाही. ती शाळा सोडून गेली. मी सांगितलं ते ती गेल्यावर. तुम्हाला मी फक्त शाल कळवली.

परवा मी सिरोंच्याकडं जाऊन आलो. गोदावरीच्या काठच्या एका गावात तिचं सासर आहे. नवरा मासेमारी करतो, ती घरातच किराणा चालवते. मला पाहून ओळखलं. खुर्ची दिली. मी ठरवून गेलो होतो, म्हणून बसलो नाही. उभ्यानं, तिच्या सासूसमोर आणि दुकानात आलेल्या दोन बायांसमोर सगळं बोललो आणि हात जोडले.

ती डाळ मोजत होती. पुडी बांधून झाल्यावर म्हणाली, “गुरुजी, तुमी हे कोणाले सांगून राह्यले? माह्या सासूले तेलगूच येते, मराठी समजत नाई. ह्या बायाइले बी नाई.”

मी खरंच मागं वळून पाहिलं. तिघी माझ्याकडं बघत होत्या, हा म्हातारा हात का जोडतोय म्हणून.

“ज्याइच्या म्होरं सांगाले पायजे होतं, थे पोट्टे कुठी हायेत आता?” तिनं विचारलं. मी सांगितलं, कुणी ऊर्जानगरात कंत्राटावर आहे, कुणी नागपुरात, कुणी गावातच शेती करतो. सगळे एका जागी आता मिळणार नाहीत. मी म्हणालो, आपल्या भागात एक दिवाळी अंक निघतो, तो गावोगावच्या वाचनालयांत जातो, त्यात लिहितो. तुझं नाव येणार नाही याची काळजी घेईन, ‘एक विद्यार्थिनी’ असं लिहीन.

भाऊ, तेव्हा पहिल्यांदा ती रागावली. “तसं नोका लिवू,” ती म्हणाली. “मी मायच्या घरी गेलो का अजून लोक मले थर्मलच म्हंतेत. माह्या पोराच्या म्होरं म्हंतेत. तुमी लिवान तं माह्यं नाव लिवा. पुरं लिवा, हजेरीत होतं तसं.”

मी तिला शब्द दिला. या वेळी रिपोर्टाची वाट बघणार नाही. आज लेख संपादकांकडं पाठवतो आहे आणि त्यासोबत हे पत्रही. तुम्ही जपलेलं ते जुनं पत्र काढून टाका, भाऊ. मला राग येणार नाही. यानंतर तुम्हाला मला उत्तर पाठवावंसं वाटलं नाही, तर तसंही चालेल.

मुलीचं नाव अंकात असं छापायला दिलं आहे:

प्रणाली रामदास गेडाम, इयत्ता सातवी, हजेरी क्रमांक अकरा.

आपला,
देवराव